कुट्टीच्या तोंडाशी

दीना भांबळ आमच्या विद्यापीठात कुणालाच आवडत नसे, आणि आपण कुणाला आवडावं म्हणून तिनं कधी काडीची खटपट केली नाही. मी तिथं पदार्थविज्ञान शिकवायचो, ती यंत्र विभागात होती. बैठकीत कुणी चुकीचं बोललं की त्याचं वाक्य पुरं व्हायची वाट न बघता ती ते खोडून काढायची. स्टाफरूममध्ये वाढदिवसाचा केक कापायची वेळ आली की ती तास घ्यायला निघून जायची. लग्न का केलं नाही असं एका बाईंनी विचारलं, तेव्हा म्हणाली, "तुमचं बघते ना रोज." त्या बाई तिच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. दीनाच्या ते लक्षातही आलं नसावं.

ती संगमनेर आणि नेवाशाच्या मधल्या बेलापूरची. वडील जॉर्ज भांबळ साखर कारखान्यात फिटर होते. आई लवकर गेली. पाळी संपवून आले की जॉर्ज घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गावातल्यांचे पंप आणि इंजिनं दुरुस्त करत बसायचे, आणि शाळेतून आलेली दीना त्यांच्या शेजारी. दहावीला होती तेव्हाच तिला वेल्डिंग येत होतं. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, पोरीला क्वायरमध्ये गायला पाठवा. जॉर्ज म्हणायचे, तिचा आवाज तुम्ही ऐकला नाही अजून.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. बेलापूरपासून अर्ध्या तासावर माळरानावर ते उभं राहिलं, खासगी आहे, एवढं पुरे. त्याच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर नवोपक्रम, दुसऱ्या पानावर उद्योजकता आणि मागे टाय लावलेल्या मुलांचे फोटो. आवारात मधोमध 'नवकल्पना केंद्र' होतं. काचेची दारं, बसायला रंगीत उशा, भिंतीवर पेटलेल्या बल्बचं चित्र, आणि एक थ्रीडी प्रिंटर, ज्याच्यावरचं प्लास्टिक कुणी काढलेलं नव्हतं. केंद्राला देणगी दिली होती हनुमंत शेठनी. विद्यापीठाच्या मंडळावर ते होते. त्यांचा धंदा कडबा कुट्टीच्या मशीनचा. जिल्ह्यात ज्या गोठ्यात जाल तिथं त्यांची निळी मशीन दिसणार. लोक तिला नुसतं 'निळी' म्हणायचे.

एका बैठकीत संचालक डॉ. हासे अहवाल वाचत होते. केंद्रातून किती उद्योग उभे राहिले ते सांगत होते. दीना मध्येच म्हणाली, "केंद्राला कुलूप असतं. उद्योग खिडकीतून उभे राहिले का?"

कुणीतरी हसलं. हासे हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, एवढी कळकळ आहे तर केंद्र तुम्हीच सांभाळा."

सगळ्यांना वाटलं, बाई चांगल्या अडकल्या. जास्तीचं काम, हातात काही नाही, आणि दोष येणार तो तिच्यावर. दीनानं दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन किल्ली मागितली. कारकून म्हणाला, किल्ली तपासणी समिती येते तेव्हाच निघते. ती पुन्हा गेली, पुन्हा तेच उत्तर. मग समिती आली त्या दिवशी, पाहुणे चहा घेत असताना, तिनं उघड्या दारातून मुलांकरवी प्रिंटर उचलून नेला. वर्कशॉपच्या मागे मोडक्या लेथ मशीन टाकलेली एक शेड होती, तिथं नेऊन ठेवला. तिला पहिली नोटीस मिळाली ती त्यासाठी. तिनं ती शेडच्या दाराला चिकटवली आणि खाली खडूनं लिहिलं, 'केंद्र इथे आहे.'

मुलं यायला लागली. बहुतेक जण मोबाईलचं ॲप घेऊन यायचे. दीना त्यांना उभ्या उभ्या परत पाठवायची. "हे तू इंटरनेटवर पाहिलंस. तुझ्या घरात काय दुखतं ते घेऊन ये."

पंकजा वर्पे शेवटच्या वर्षाला होती. संगमनेरजवळच्या एका खेड्यातली, घरी गाई. तिनं दुधाचा भाव सांगणारं ॲप आणलं होतं. दीना सगळ्यांसमोर म्हणाली, "दुधाचा भाव तुझ्या वडिलांना डेअरीच्या फळ्यावर दिसतो. ही मेहनत कुणासाठी केलीस?"

पंकजाचा चेहरा उतरला. ती बाहेर गेली. पुढच्या आठवड्यात ती आईला घेऊन शेडमध्ये आली. मी तेव्हा तिथंच होतो, प्रिंटरची वायरिंग बघत. आई, लंकाबाई, दारातच थांबली होती. उजवा हात पदराखाली.

पंकजा म्हणाली, "घरात काय दुखतं विचारलं होतं ना मॅडम. दाखव गं आई."

लंकाबाईनं हात बाहेर काढला. अंगठा होता, त्याच्या शेजारचं बोट होतं. पुढं काही नव्हतं.

दीनानं तो हात हातात घेतला, उलटा केला, तळवा पाहिला. सांत्वनाचं एक अक्षर बोलली नाही. विचारलं, "कुट्टी?"

"व्हय."

"बांगडी अडकली, की पेंढी धरून हात आत गेला?"

"उसाचं वाढं घालत हुते. वाढ्याला पाचट गुंतलं हुतं, ते हाताला येढलं. रुळानं वढून घेतलं. मला वाटलं वढीन माघारी. न्हाई आलं."

"मशीन बंद कुणी केली?"

"हिनं," लंकाबाई पंकजाकडे बघून म्हणाली. "ही साळंतून आल्ती नुकतीच."

पंकजा खिडकीबाहेर बघत होती. दीना तिला म्हणाली, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"आधी तुम्ही विचारलंच कुठं? आधी तुम्ही हसलात."

दीना हसली नव्हती, ती हसत नसेच. पण तिनं वाद घातला नाही. म्हणाली, "उद्यापासून दुपारचे तास संपले की इथं ये."

कुट्टीच्या मशीनला तोंड असतं, तोंडात दोन रूळ असतात, ते वैरण आत ओढतात आणि मागचं पातं लावलेलं चाक ती तोडतं. वैरणीबरोबर हात रुळात सापडला की माणसाच्या ओढण्यानं तो सुटत नाही. महागड्या मशीनला रूळ उलटे फिरवायचा दांडा असतो, पण एक हात अडकलेल्या बाईनं दुसऱ्या हातानं तो शोधायचा कसा? आणि शेठची स्वस्तातली निळी, जी गोठ्यागोठ्यात होती, तिला तर तोही नव्हता.

पंकजानं पहिल्यांदा तोंडासमोर एक आडवी दांडी बसवली. बाई ओढली जाऊ लागली की छाती किंवा दंड दांडीला लागणार आणि मोटारची वीज तुटणार. भंगारातून आणलेल्या निळीवर त्यांनी ती लावून पाहिली. रबरी हातमोज्यात ओल्या चिंध्या भरल्या आणि वैरणीबरोबर आत सोडला. वीज तुटली. पण जड चाक आपल्या वेगानं फिरत राहिलं आणि मोज्याचे तुकडे पलीकडे पडले.

पंकजा ते तुकडे बघून बाहेर जाऊन उलटी करून आली. दीना म्हणाली, "झालं? आता सांग, काय थांबायला हवं होतं?"

"चाक."

"चाक थांबणार नाही. आणखी विचार कर."

या दोघींमध्ये माया होती असं मी म्हणणार नाही. दीना तिच्यावर ओरडायची, पंकजा तोंडावर उत्तर द्यायची. एकदा रागानं पाना फेकून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी काहीच झालं नसल्यासारखी परत आली. पण रूळ आणि चाक वेगळे करायचे हे पंकजालाच सुचलं. चाक फिरत राहू दे, दांडी हलली की रुळांचा जोड सुटला पाहिजे, म्हणजे आत ओढणंच बंद. तो जोड कसा घडवायचा हे दीनानं ठरवलं आणि जॉर्जनी बेलापूरला घडवला. तो बसवल्यावर हातमोजा रुळाच्या तोंडाशी जाऊन थांबला. चाक मागे रिकामं फिरत होतं. पंकजानं मोजा बाहेर ओढून घेतला, बोटं दाबून पाहिली आणि पुन्हा आत घातला. पुन्हा थांबला. ती ते किती तरी वेळ करत बसली. दीना म्हणाली, "पुरे आता. मोटार तापेल."

विद्यापीठात वर्षाला नवकल्पनांचा मेळा भरायचा. पाहुणे, मांडव, वर्तमानपत्रवाले. त्या वर्षी हनुमंत शेठ अध्यक्ष होते. मेळ्याच्या आदल्या दिवशी डॉ. हासे स्वतः शेडमध्ये आले.

"मशीन उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त रंग बदला. हिरवी करा, लाल करा."

"का?" दीना म्हणाली.

"का ते तुम्हाला कळतंय."

"लंकाबाईंचा हात निळीत गेला. लालमध्ये नाही."

"मॅडम, मुलीच्या भविष्याचा विचार करा."

दीना पंकजाकडे वळली. "तुला काय वाटतं?"

पंकजानं आधी मशीनकडे पाहिलं. मग म्हणाली, "रंग राहू दे." ते तिनं मनापासून म्हटलं, की मॅडम समोर उभ्या होत्या म्हणून म्हटलं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मांडवात सगळ्यांसमोर तिनं मोजा घालून दाखवला. लोक उठून उभे राहिले, टाळ्या झाल्या. कुणीतरी विचारलं, ही कल्पना कशी सुचली? पंकजानं माईक हातात घेतला. "माझ्या आईची बोटं अशाच मशीनमध्ये गेली," एवढंच म्हणाली. मशीन कुठली, कुणाची, काही नाही. पण ती शेजारीच उभी होती, निळी.

हनुमंत शेठ जुन्या वळणाचे, आवाज न चढवणारे गृहस्थ. ते खुर्चीतूनच हसून म्हणाले, "बाळ, शाबास. पण मशीनला डोळे नसतात. चालवणाऱ्याला असतात. जरा जपून काम केलं की काही होत नाही."

तिथं विषय संपला असता. शेठ मिरवले असते, पंकजाला बक्षिसाची ढाल मिळाली असती. पण दीना मांडवाच्या कडेला उभी होती, ती पुढं आली आणि माईक न घेताच बोलली, "शेठ, मशीन बनवणाऱ्यालाही डोळे असतात. तुमच्या मशीननं हात तोडलेली हिची आई पहिली बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माहीत असून तुम्ही एक दांडी लावली नाहीत."

शेठनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले, आणि पुढच्या मुलाला बोलावण्याची खूण केली. पंकजा तिथंच मशीनजवळ उभी होती. तिच्याकडे आता कुणीच बघत नव्हतं. सगळे दीनाकडे बघत होते.

त्यानंतर जे सुरू झालं ते कुणी समोरून केलं नाही. शेडला कुलूप लागलं. भंगारातून आणलेली मशीन भंगारवाल्याकडे परत गेली, दांडीसकट. दीनाच्या तासांची वेळ अशी बदलली की दिवसभर तिनं आवारातच अडकून पडावं. जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलावर कुणी बसेनासं झालं. मग कुजबुज निघाली की भांबळ बाई मिशनच्या आहेत, मुलींना शेडमध्ये बोलावण्यामागं दुसरंच काही आहे, रविवारी चर्चला नेतात. एका पालकानं तशी तक्रारही केली. दीना रविवारी चर्चला स्वतः क्वचितच जायची, वडील रागवायचे म्हणून नाताळला जायची. तिनं या कुजबुजीला उत्तर दिलं नाही. फक्त त्या आठवड्यापासून स्टाफरूममध्ये शिरताना ख्रिस्ती लोक म्हणतात तसं मोठ्यानं "सलाम" म्हणायला लागली, जो शब्द तिनं तोवर तिथं कधी उच्चारला नव्हता. माना खाली जायच्या.

ती हासेंकडे गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होतो. तिनंच मला साक्षीला नेलं होतं.

"शेड का बंद केली?"

"सुरक्षेचा प्रश्न आहे," हासे म्हणाले. "विद्यार्थी धोकादायक यंत्रावर काम करत होते."

"यंत्र धोकादायक आहे हे मान्य केलंत. बरं झालं."

हासेंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "दीना मॅडम, तुम्हाला एक गोष्ट कळत नाही. उद्योजकता शिकवायची म्हणजे उद्योजकाला शिव्या द्यायच्या असं नव्हे."

"मी शिवी दिली नाही. दिली असती तर तुम्हाला लगेच कळली असती."

"आणि दांडीची रचना आवारात झाली. ती विद्यापीठाची आहे. तिचं काय करायचं ते मंडळ ठरवेल."

"मंडळ म्हणजे शेठ."

"मंडळ म्हणजे मंडळ," हासे म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली. शिपाई दार उघडून उभा राहिला. त्या उन्हाळ्यात दीनाचा करार वाढवला गेला नाही. निरोपाला कुणी काही ठेवलं नाही. ठेवलं असतं तर ती आली नसती.

पंकजाला हनुमंत शेठनी कारखान्यात बोलावून घेतलं ते याच दिवसांत. ही हकीकत मला दोघींकडून वेगवेगळी कळली, पण फारसा फरक नाही. शेठनी तिला चहा पाजला, कारखाना दाखवला, आणि सांगितलं की नव्या मॉडेलला तुझी दांडी बसवू, तुला इथं नोकरी देऊ. त्याच्या बदल्यात जुन्या मशीनबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि दीना भांबळशी कारखान्याचा काही संबंध असणार नाही. पंकजा हो म्हणाली.

ते सांगायला ती बेलापूरला दीनाच्या घरी गेली. दीना शेडमध्ये होती, जॉर्ज दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पंकजानं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"विकलीस," दीना म्हणाली.

"विकली नाही. दिली. नव्या मशीनला दांडी लागणार आहे मॅडम. प्रत्येक मशीनला."

"आणि ज्या गोठ्यांत उभ्या आहेत त्यांना?"

"त्यांचं मी विचारलं. ते नाही म्हणाले."

"मग तू काय म्हणालीस?"

पंकजा जॉर्जकडे बघू लागली.

"तू पुढं काही म्हणाली नाहीस," दीना म्हणाली. "तुझ्या आईची मशीन जुनीच आहे, तरी तू काही म्हणाली नाहीस."

"माझ्या आईचं नाव तुम्ही घेऊ नका." पंकजाचा आवाज आता चढला होता. "त्या दिवशी मांडवात मी बोलत होते. मी. तुम्ही मध्ये आलात आणि त्यानंतर माझी दांडी कुणाला आठवली नाही, तुमचं भांडण तेवढं आठवलं. शेड गेली, मशीन गेली, माझ्या नोकरीच्या मुलाखती अडल्या. तुम्हाला शेठला हरवायचं होतं. मला मशीन थांबवायची होती."

"शेठला न हरवता मशीन थांबणार नाही."

"थांबणार आहे. पुढच्या महिन्यापासून."

"तोंड मिटायच्या अटीवर."

"हो. मिटलं तोंड," पंकजा म्हणाली. "तुम्ही उघडून काय मिळवलंत?"

जॉर्ज खुर्चीतून म्हणाले, "दीना, पोरीला पाणी तरी दे."

"तिला शेठनी चहा दिलाय," दीना म्हणाली आणि वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली.

पंकजा तशीच निघून गेली. त्या रात्री जॉर्ज लेकीशी बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "ती म्हणाली त्यात खोटं काय होतं?" हे दीनानं मला सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात पश्चात्ताप नव्हता, राग होता. पण तो कुणावर होता, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

शेठची नवी मशीन आली, हिरव्या रंगाची. जाहिरातीत पंकजाचा फोटो, 'लेकीनं आईसाठी बनवली' असं खाली. ती खपलीही चांगली. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर तोच फोटो आला, काचेच्या केंद्रासमोर काढलेला, जिथं पंकजानं एक दिवसही काम केलं नव्हतं.

दीनानं जुन्या निळीला बाहेरून बसेल अशी दांडी, जोडासकट, करायला घेतली. तिच्या हाताखाली एक वेल्डर होता, मच्छिंद्र, तिच्याइतकाच तुसडा. दोघं स्कूटरवर सामान बांधून आठवडे बाजाराला जायचे. तिथंही कुणी त्यांचं स्वागत केलं नाही. शेतकरी म्हणायचे, आमच्या घरात कुणाचा हात गेला नाही, कशाला लावू. लावलेली काही जण काढून टाकायचे, कारण वैरण घालताना दांडी सारखी अंगाला लागते, काम मंदावतं. एका गावात दीना गोठ्यात गेली तर तिनंच बसवलेली दांडी दावणीला म्हैस बांधायला वापरलेली. ती त्या घरच्या माणसाला इतकं बोलली की शेजारी गोळा झाले, आणि त्या गावात पुन्हा तिची एकही दांडी गेली नाही. निळी विकणारे दुकानदार तर सरळ सांगायचे, बाईंची दांडी लावली की मशीनची दुरुस्ती आमच्याकडे आणू नका.

मग शेठच्या वकिलाची नोटीस आली की मंडळानं रचना कारखान्याला दिली आहे, दांड्या बनवणं बंद करा. दीनानं बंद केलं नाही. वकिलांना खटल्यासाठी पंकजाची साक्ष हवी होती की रचना तिनं एकटीनं केली, भांबळ बाईंचा त्यात हात नव्हता.

पंकजा ते म्हणायला तयार झाली नाही. व्यवस्थापकानं समजावलं, शेठनी स्वतः बोलावलं. ती म्हणाली, "जुन्या मशीनबद्दल बोलणार नाही असं मी कबूल केलं होतं, आणि बोलले नाही. पण जोड मॅडमनी ठरवला. तो मी केला असं मी म्हणणार नाही." शेठ आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. काही दिवसांनी पंकजाला गोदामात बसवलं, मोजमापं लिहायला. तिनं नोकरी सोडली आणि चाकणला एका कारखान्यात गेली. नोटिशीचं पुढं काही झालं नाही.

हे मी दीनाला सांगितलं. ती ग्राइंडरवर लोखंड घासत होती. तिनं ग्राइंडर बंद केला, मला पुन्हा सगळं सांगायला लावलं, आणि म्हणाली, "तेवढं तिनं करायलाच हवं होतं." फोन करणार का, असं मी विचारलं. "कशाला?" म्हणाली आणि ग्राइंडर सुरू केला. पंकजानंही कधी फोन केला नाही. माझ्या माहितीप्रमाणे त्या दोघी आजवर भेटलेल्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात मी बेलापूरला गेलो होतो. जिल्ह्याच्या नव्या नावाच्या पाट्या रस्त्याला लागलेल्या, काही ठिकाणी जुन्याही तशाच. दीनाच्या शेडसमोर एक मोटारसायकल उभी होती. नेवाशाकडचा एक माणूस वाकलेली दांडी जमिनीवर आपटून भांडत होता. मागं त्याची बायको डोक्यावर पदर घेऊन उभी.

"ही तुमची दांडी," तो म्हणत होता. "पयल्याच झटक्याला वाकली. मजबूत हाय म्हनून दिली हुती."

"कशानं वाकली?" दीना म्हणाली.

"हिचा पदर गेला रुळात. ही आपटली दांडीवर. आन् दांडी बसली वाकून."

दीनाच्या हातातला पाना तिथंच थांबला. "रूळ थांबले?"

"रूळ थांबले, पर दांडी बघा की कशी झाली. मला बदलून पायजे."

दीनानं त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं. ती बाई दोन्ही हातांनी पिशवी धरून उभी होती. बांगड्या कोपराकडे सरकलेल्या, डाव्या दंडावर दांडीचा काळानिळा वळ.

"हात दाखवा," दीना म्हणाली.

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पिशवी खाली ठेवून दोन्ही पंजे पुढं केले. दीनानं ते एकेक करून पाहिले, जसा तिनं लंकाबाईचा हात पाहिला होता, तसेच. मग त्या माणसाकडे वळून भडकली. "बायकोचा पदर रुळात जाईपर्यंत तुम्ही कुठं होतात? कुट्टी करताना पदर खोचायचा हे घरात कुणी सांगत नाही? आणि दांडी वाकली म्हणून तुम्ही माझ्या दारात भांडायला आलात?"

"मग काय करावं बाई, वाकलेली वापरायची कशी?" तो जरा मागं सरून म्हणाला.

"मच्छिंद्र, नवी काढ," दीना म्हणाली. "आणि जाड पाइपाची काढ. यांना काही कळत नाही."

मच्छिंद्रनं नवी दांडी आणून मोटारसायकलला बांधली. जाताना तो माणूस कुरकुरत म्हणाला की ही जास्तच जड दिसते. दीना त्यावरही काहीतरी बोलली, ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. वाकलेली दांडी तिनं उचलली, उजेडात धरून कुठं वाकली ते पाहिलं, आणि मला म्हणाली, "इथं पाइप बारीक पडलाय. पहिल्या दांडीची पंकजाची मापं बरोबर होती, माझीच चुकली."

मग तिनं काच डोळ्यांवर घेतली, आणि मी अजून उभा आहे हे बघून म्हणाली, "तुम्ही जाणार आहात की नाही? डोळे जातील इथं उभं राहून."